गाणं, खेळ आणि गॅलरीतले पाहुणे: तुमची रोजची छोटी सुखं सांगा

गॅलरीवाली, ठाणे

दिवाळीचा आकाशकंदील काढला पण वायर तशीच लोंबकळत राहिली. सासूबाई रोज म्हणायच्या, अगं ती वायर काढा, बरं दिसत नाही, आणि मी रोज म्हणायचे रविवारी काढते. असे बरेच रविवार गेले. फेब्रुवारीत बघते तर वायरच्या टोकाला जळमट जमलेलं. झाडू घेऊन उभी राहिले तेवढ्यात अंगठ्याएवढा पिवळ्या पोटाचा पक्षी चोचीत कापूस घेऊन आला नि माझ्याकडे ढुंकूनही न बघता कामाला लागला. शिंजीर! मादी होती. खोपा तीच एकटी बांधते. नवरा आपला जांभळा गळा चमकवत ग्रिलवर बसून चिवीट चिवीट करणार, काम शून्य (आमच्या घरात यावर बरंच बोलून झालंय). कोळ्याची जाळी, सालीचे कपटे, अळ्यांची लेंडं, जे मिळेल ते चिकटवून पिशवी केली, बाजूला दार आणि दारावर चक्क छज्जा! आता आम्ही कपडे बेडरूममध्ये वाळत घालतो, घरात कायम ओलसर वास, आणि तरी सगळे खूश.

तर असं काहीतरी तुमचंही लिहा. गाणं, खेळ, नाहीतर दारातले पक्षी. मोठं काही नको, गेल्या काही दिवसांतलं असेल तर उत्तम, जुनं असेल तरी चालेल.

दोराजवारी, पुणे

वयाच्या ५६ व्या वर्षी गाणं शिकायला लागले. बाई म्हणाल्या मोबाईलवरचा तानपुरा बंद, खरा आणा आणि लावायला शिका. मग मिरजेला गेलो. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे 'ही वस्तू याच गावची' असं मानांकन मिळालं, त्याचा भोपळा मात्र पंढरपूरच्या बाजूचा.) घरी आणला आणि रडायची वेळ आली. चार तारा, पंचम, मधली सा ची जोडी आणि खर्ज, म्हणजे खालचा सा. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुताचा दोरा असतो तो केसभर पुढंमागं सरकवायचा. जागा चुकली तर तार मुकी, पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखी. बाई म्हणायच्या, जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, बरोबर लागली ना की खर्जाच्या तारेतून गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो. गंधाराची तारच नाही तर गंधार येणार कुठून? सहा महिने मी नुसती हो हो करत होते, मनात म्हणायचे ही सगळी गाणारी मंडळी थापा मारतात.

परवा दुपारी लाईट गेले. पंखा बंद, फ्रीज बंद, खालच्या मजल्यावरचं ड्रिलिंग बंद. मी आपली खर्ज छेडत बसले होते आणि एकदम वरती, लांबून कुणीतरी गुणगुणल्यासारखा गंधार! आधी वाटलं शेजारी कुणी गातंय. तार दाबली, गेला. सोडली, आला. अंगावर काटा आला हो. अर्ध्या तासाने लाईट आले, फ्रीज घुरघुरायला लागला आणि गंधार गायब. मी उठून फ्रीजचं बटण बंद केलं. रात्री दूध नासलं ते वेगळं.

पेठेतला, कोल्हापूर

आमच्याकडं फुटबॉल तालमींच्या नावानं चालतोय हे बाहेरच्यांना खरंच वाटत न्हाई. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, नावं कुस्तीची नि खेळ फुटबॉलचा, आणि मॅच असली की शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा न्हाई. आमचे पप्पा ६८ वर्षांचे, गुडघे गेलेत, घरात जिना चढायचा म्हटलं की देवाचं नाव घेत्यात. पण मॅचच्या दिवशी त्यांच्या ठरलेल्या पायरीवर, म्हणजे पार वर, माझ्या आधी पोचलेले असत्यात. गेल्या सीझनला आमच्या पोरानं पेनल्टी बाहेर मारली तर पप्पांनी जी शिवी घातली ती खाली गोलकीपरनं वळून ऐकली. शिवी हितं लिहीत न्हाई. पण घरी येताना म्हातारा असा खुशीत होता की विचारू नका, आणि मॅच आम्ही हरलो होतो.

साखरझोप, नाशिक

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून मी जरा कडू. आमच्या खिडकीबाहेरच्या आंब्यावर मार्च लागला की पहाटे चारला सुरू होतं. कुहू. मग जरा वरच्या पट्टीत कुहू. मग त्याहून वर. माणूस झोपेतच पुढच्या कुहूची वाट बघत बसतो. आणि प्लीज, गाणारी कोकिळा नसते, तो कोकिळ असतो, काळाकुट्ट, लाल डोळ्यांचा. ती ठिपक्याठिपक्यांची, ती बिचारी कर्कश किक्किक् करते फक्त. माझं रोजचं सुख एकच, सकाळी सातला कावळा त्याला पिटाळत अख्ख्या सोसायटीला चक्कर मारतो ते चहा पिता पिता बघणे. शाब्बास रे वाघा.

दोराजवारी, पुणे

साखरझोप दादा, वाघाला आत्ताच सांगू नका, पण त्याच्या घरट्यात जे एक पिल्लू जरा वेगळं दिसतंय ना…

रात्रपाळी, नेरूळ

मी नर्स आहे. २ नोव्हेंबर २०२५, महिला वर्ल्ड कपची फायनल आमच्या नेरूळच्याच डी. वाय. पाटील स्टेडियमला, आणि माझी नेमकी नाईट. पावसामुळे मॅच दोन तास उशिरा सुरू झाली म्हणजे राऊंड संपेपर्यंत अजून चालूच. एका पेशंटच्या नातवाने मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला, आवाज बंद. शेजारच्या बेडवरच्या आजी, आयुष्यात क्रिकेट बघितलं नसेल, मला विचारतात, ती सांगलीची पोरगी कुठली गं? म्हटलं आजी, स्मृती कधीच आऊट झाली, ४५ केले तिने, आता आपली बोलिंग आहे. तर म्हणाल्या मग जिंकवणार कोण? मी म्हटलं दीप्ती. तसं बघायला गेलं तर शफालीच्या ८७ रन्स आणि मधल्या दोन विकेट्स सुद्धा, पण तेवढं समजावण्याइतका वेळ नव्हता, सलाईन बदलायची होती.

आणि गंमत बघा. बारा वाजून गेलेले. मोबाईलवर दीप्ती अजून रनअपवरच होती आणि खिडकीतून एवढा मोठा आवाज आला की आजी दचकल्या. मग काही सेकंदांनी मोबाईलवर हरमनप्रीत उलटी पळत पळत तो कॅच घेताना दिसली. म्हणजे आम्हाला निकाल आधी कानाने कळला, डोळ्यांनी नंतर! ओरडता येत नव्हतं म्हणून मी आणि नातू एकमेकांना टाळ्या दिल्या, त्याही हळू.

यारा काठावरून, मेलबर्न

रात्रपाळी ताई, मस्त! माझं जुनं आहे, २०२० चं. अ‍ॅडलेडला आपण ३६ ला गुंडाळलो गेलो, विराट घरी परतला, ऑफिसात तोंड दाखवायची सोय नव्हती. मग बॉक्सिंग डे टेस्ट. कोविडमुळे एमसीजीवर दिवसाला ३० हजारच माणसं, आणि तिथले सीगल मात्र फुल कोट्यात, चिप्सवर पोसलेले, बाऊंड्रीपाशी फिल्डरसारखे उभे. २७ तारखेला डोंबिवलीचा आपला अजिंक्य नव्वदीत, मी डब्यातला शेवटचा बटाटेवडा हातात धरून बसलेलो, शंभर झाले की खायचा असं ठरवलेलं. शंभर झाले, मी दोन्ही हात वर करून उभा राहिलो आणि वडा गेला. मागून येऊन उचलला त्या चोराने, बोटाला चोच लागली. बायको इतकी हसली की रहाणेने बॅट वर केलेली तिने बघितलीच नाही. पुढे तो ११२ वर रनआऊट झाला, आपण ८ विकेटने जिंकलो, वगैरे तुम्हाला माहितीच आहे. वडा मात्र अजून सलतो.

चवथीवाला, फोंडा

आमच्याकडे चवथीला घुमटाशिवाय आरती होत नाही. मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं, दुसरं बारीक तोंड डाव्या तळव्याने झाकायचं-उघडायचं, त्यात सगळी मजा. आजोबांचं होतं ते घोरपडीच्या कातड्याचं, आता त्याला बंदी, बकऱ्याचं लावतात. जुने लोक म्हणतात तो नाद नाही. असेल. पण यंदा माझ्या ९ वर्षांच्या भाचीने शामेळ या साथीच्या तालवाद्याच्या ठेक्यावर पहिल्यांदा अख्खी आरती न चुकता वाजवली, शेवटी हात लालबुंद, आणि ज्यांनी नाद नाही म्हटलं होतं त्यांनीच तिला मोदक जास्तीचा दिला.

शिवारातून, परभणी

आमचं गाणं-बिणं काही नाही, टिटवीचं सांगतो. दोन वर्षांमागं मिरगाच्या आधी वखराची पाळी घालायलो होतो, तर टिटवी डोक्यावर घिरट्या घालून नुसती कावली. उतरून पाहिलं तर ढेकळात चार अंडी, रंग असा की पाय पडला असता तरी कळलं नसतं, निमुळती टोकं आत करून फुलासारखी मांडलेली. घरटं म्हणावं तर चार खडे. वडील म्हणायचे टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जोराचा, म्हणून आधी जागा पाहिली. सपाटच होती, म्हणजे काही कळलं नाही. खाटेएवढा तुकडा सोडून वखर वळवला. पुढं पेरणीलाही सोडला. सोयाबीन उगवलं, मधी तेवढं तण माजलं, येणारा जाणारा विचारायचा, काय हो, टिटवीला सातबारा करून दिला का? पिल्लं अंड्यातून निघाली की घरट्यात बसत नाहीत, त्याच दिवशी तुरुतुरु पळत सुटली. मी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा खात बांधावर बसून पाहिली, चारही. आता दरवर्षी पाळी घालताना ती जागा आली की ट्रॅक्टर हळू होतो आपोआप.

गॅलरीवाली, ठाणे

काय एकेक लिहिलंय! सातबाऱ्यावर तर आमचे हे अजून हसतायत.

आमची बातमी अशी की दोन पिल्लं होती, काल सकाळी सव्वासातला पहिलं उडालं, थेट समोरच्या जास्वंदीत जाऊन लटकलं. दुसरं छज्ज्याखाली डोकं काढून तासभर नुसतं बघत राहिलं, आई समोर किडा धरून बसलेली, येतोस का बघ म्हणून. शेवटी गेलं. गॅलरी एकदम रिकामी. कपडे परत बाहेर आले. म्हटलं सासूबाई, आता काढू का ती वायर? तर म्हणाल्या, असू दे गं, दिवाळी लांब आहे अजून.