उझबेकिस्तान कमी खर्चात: खिवा ठेवावे की वगळावे?

सह्यवासी (प्रश्न)
नमस्कार. येत्या ऑक्टोबरमध्ये पत्नी, सासूबाई आणि मी असे तिघे उझबेकिस्तानला जाण्याच्या विचारात आहोत. पर्यटन कंपनीचा दर आवाक्याबाहेरचा वाटल्याने सगळी आखणी स्वतःच करायची आहे. रजा जेमतेम आठवडाभराची आहे, आम्ही तिघेही शाकाहारी आहोत आणि सासूबाईंना फार चालवत नाही. ताश्कंद, समरकंद व बुखारा पक्के धरले आहेत. खिवा वगळल्यास काही मोठे हुकेल का, आणि पैसे नेमके कुठे वाचतात, याविषयी जाणकारांनी सांगावे.

रुळावरचा
खिवा वगळावे, असे माझे मत आहे. बुखाऱ्याहून खिव्याचा रस्ता किझिलकुम वाळवंटातून जातो, अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर भरते आणि आठवड्यातला जवळजवळ एक दिवस त्यातच जातो. खर्चाचे म्हणाल, तर सर्वांत आधी रेल्वेची तिकिटे काढावीत. ताश्कंद ते समरकंद हे अंतर ‘अफ्रोसियाब’ ही वेगवान गाडी दोन तासांच्या थोड्या वर वेळात कापते, मात्र हंगामात तिची स्वस्त तिकिटे भराभर संपतात आणि मग टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. व्हिसा सरकारी संकेतस्थळावरून स्वतःच काढावा. एकेरी प्रवेशाच्या तीस दिवसांच्या ई-व्हिसाचे शुल्क वीस डॉलर असते, त्यावर दलालाला वेगळे पैसे कशाला द्यायचे?

ओसरी
वरील मताशी मी सहमत नाही. कात्री लावायचीच असेल तर ती ताश्कंदला लावावी. तिथली 1977 साली सुरू झालेली मेट्रो, चोरसू बाजार आणि लालबहादूर शास्त्रींचा पुतळा एका दिवसात पाहून होतात. याउलट खिव्याचे इचान-काला हे तटबंदीच्या आतले जुने शहर लांबीला साडेसहाशे आणि रुंदीला चारशे मीटरच्या आसपास असल्याने, ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी ते समरकंदपेक्षा कितीतरी सोयीचे आहे. 1855 मध्ये खिव्याचा खान, म्हणजे तिथला राज्यकर्ता, मारला गेल्यावर अर्धवट राहिलेला, बुटका आणि निळ्या-हिरव्या फरशांनी मढलेला कल्ता मिनार तर बाकावर बसून निवांत पाहता येतो. परतताना खिव्याहून ताश्कंदला रात्रीच्या गाडीने यावे, म्हणजे एका मुक्कामाचे भाडे वाचते. समरकंदला रेगिस्तान या जुन्या चौकाचे तिकीट सकाळी काढून तिन्ही मदरसे आतून पाहावेत. संध्याकाळची रोषणाई समोरच्या उंचवट्यावरून फुकट दिसते, त्यासाठी दुसऱ्यांदा तिकीट काढण्याची गरज नाही.

मेतकूट
शाकाहाराविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सगळ्यांची अडचण तिथेच होते. पुलाव मांसाबरोबरच शिजतो, त्यामुळे ‘तुकडे काढून देतो’ या आश्वासनाला अर्थ नाही. लग्मान या शेवयांच्या रश्श्याचीही तीच गत. लाल भोपळ्याचा सामसा मिळतो, पण त्यातही पुष्कळदा दुंब्याची, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याची, चरबी घालतात, म्हणून विचारूनच घ्यावा. बाजारातली तंदुरातून नुकती काढलेली, मधोमध ठसा उमटवलेली नान, दही, टोमॅटो-काकडी आणि ऑक्टोबरातली द्राक्षे व खरबुजे यांवर दुपार स्वस्तात निघते. रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या डब्यांत टोकाला उकळत्या पाण्याची टाकी असते. घरून नेलेले झटपट पोहे किंवा उपमा तिथे कामी येतात. राहायला घरगुती गेस्ट हाऊस पाहावे, कारण भाड्यात सकाळची न्याहारी बहुधा धरलेली असते. मुक्कामाच्या नोंदणीची चिठ्ठी मात्र प्रत्येक ठिकाणी मागून घ्यावी आणि परत येईपर्यंत जपून ठेवावी. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्याव्यात. फाटलेल्या किंवा शाई लागलेल्या नोटा बँका नाकारतात.

सह्यवासी
सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताश्कंद एका दिवसावर आणून खिवा ठेवावे असे आता ठरते आहे. फक्त रात्रीच्या गाडीत सासूबाईंना खालचीच जागा हवी. ती आरक्षणाच्या वेळी निवडता येते का?

रुळावरचा
येते. आसनक्रमांक विषम असेल तर बर्थ खालचा, सम असेल तर वरचा. ‘प्लात्सकार्त’ हा आपल्या स्लीपरसारखा उघडा डबा सर्वांत स्वस्त असतो, आणि त्यातले 37 पासून पुढचे क्रमांक बाजूच्या अरुंद बर्थचे असल्याने ते टाळावेत. सासूबाई बरोबर आहेत, तेव्हा थोडे अधिक पैसे मोजून चार बर्थचा, दार बंद होणारा ‘कूपे’ घेतलेला बरा. तिथे ही काटकसर करू नये.