रोजची ती छोटी गोळी : टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल घेणाऱ्यांनो, तुमचे अनुभव लिहा

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन चालू असतं तेव्हा सतत कोणीतरी आपल्याकडे बघत असतं, नर्स असते, डॉक्टर असतात, घरचे रजा टाकून बसलेले असतात. मग एक दिवस हातात गोळ्या देतात, रोज एक, पाच वर्षं, आणि पुढची अपॉइंटमेंट तीन महिन्यांनी. माझी टॅमॉक्सिफेन २० मिलीग्रॅम, तिसरं वर्ष चालू आहे. गाठ ईआर पॉझिटिव्ह होती, म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसणारी, आणि ही गोळी स्तनातल्या पेशींवर इस्ट्रोजेनची जागा अडवून बसते, एवढं मला नीट समजावलं होतं. पण गोळी घेत रोजचे दिवस कसे काढायचे, काय झालं की धावायचं आणि काय झालं की थोडं थांबून बघायचं, हे हळूहळू कळत गेलं, बरंचसं चुका करून.

माझी पहिली चूक सांगते. घरात आजारपण होतं, त्या गडबडीत तीन दिवस गोळी राहिली. चौथ्या दिवशी आठवलं आणि घाबरून चारही एकदम घेतल्या. दिवसभर मळमळ आणि जीव नुसता टांगणीला. डॉक्टरांनी सांगितलं असं परत करायचं नाही, राहिलेली गोळी भरून काढायला डबल कधीच घ्यायची नाही, ठरलेल्या वेळेला पुढची एक घ्यायची. हे औषध शरीरात बरेच दिवस टिकतं त्यामुळे एखादी चुकली म्हणून सगळं वाया जात नाही, पण वरचेवर चुकायला लागली तर जो फायदा हवाय तोच कमी होतो. तेव्हापासून मी स्ट्रिपच्या मागे प्रत्येक गोळीवर पेनाने वार लिहिते.

तुम्ही घेत असाल किंवा घरात कोणी घेत असेल तर लिहा. किरकोळ वाटलं तरी लिहा.

*

मी ६१ वर्षांची, लेट्रोझोल दीड वर्षापूर्वी सुरू झाली. पाळी गेल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन येत नाही पण चरबीत वगैरे अरोमाटेज नावाचं एन्झाइम ते थोडं थोडं बनवतच असतं, लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्या तेच बंद करतात. आणि मग सांधे बोलायला लागतात. सकाळी माझी मूठच वळायची नाही, टूथपेस्टचं झाकण दोन तळव्यांत धरून फिरवायचे. पलंगाच्या कडेला बसून बोटं एकेक हलवायची आणि मगच उभं राहायचं, टाच टेकली की कळ मस्तकात. घरातले म्हणायचे वय झालं आता, चालायचंच.

चौथ्या महिन्यात कोणालाही न सांगता मी गोळी बंद केली. सहा आठवडे. अंग मोकळं झालं पण रात्रीची झोप गेली, की आपण हे काय करतोय. तपासणीला डॉक्टरांनी विचारलं गोळी चालू आहे ना, मी हो म्हणाले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन खरं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. ते म्हणाले, "हे दुखणं खरं आहे, खूप जणींना होतं, दुखायला लागलं तेव्हाच सांगायचं होतं." लेट्रोझोलऐवजी एक्झेमेस्टेन २५ दिली, ती जेवणानंतरच घ्यायची असते. फिजिओने रोजचं चालणं आणि आठवड्यातून दोनदा हलकी वजनं उचलणं सुरू केलं. दुखणं पूर्ण गेलं असं नाही म्हणणार, पण मूठ वळते.

हाडांचंही बघा. या गोळ्यांनी हाडं विरळ होतात आणि ते आतल्या आत होतं, दुखत नाही. सुरुवातीला डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) झाला का विचारा. मला सहा महिन्यांनी एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाईन लागतं, कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिन चालू आहे. त्या सलाईनआधी दातांची कामं उरकून घ्या, नंतर दात काढावा लागला तर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो.

*

मी आईबद्दल लिहितेय. आई ५६ ची, टॅमॉक्सिफेनवर आठ महिने झालेले. कारने लांबचा प्रवास करून आलो, दुसऱ्या दिवशी म्हणाली डावी पोटरी भरून आल्यासारखी वाटते. मी म्हटलं बसून बसून झालं असेल, तेल लावून चोळते. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो, कारण चोळायचं नव्हतं. संध्याकाळी तिने मोजे काढले तर डाव्या पायावर इलॅस्टिकचा वळ खोल रुतलेला आणि उजव्यावर जेमतेम रेघ. दोन्ही पाय शेजारी ठेवले तेव्हा फरक दिसला. पोटरी गरम लागत होती. केमोच्या वेळची एक नर्स म्हणाली होती एकाच पायाला सूज आली तर वाट बघू नका, ते डोक्यात होतं म्हणून त्याच रात्री गेलो. डॉपलर म्हणजे शिरांची सोनोग्राफी केली, शिरेत रक्ताची गुठळी. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर काय, ते डॉक्टरांनी सांगितलं आणि मी खालीच बसले.

टॅमॉक्सिफेन थांबवली, रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं, आणि पाळी गेलेली असल्यामुळे पुढे तिला लेट्रोझोलवर टाकलं. तेव्हाच कळलं की वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध आणि टॅमॉक्सिफेन एकत्र झालं की रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी सगळ्या गोळ्यांची यादी दाखवायचीच. एका पायाला सूज, अचानक धाप, छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं, तोंड एका बाजूला जाणं, यातलं काहीही झालं तर सरळ इमर्जन्सीत जा. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं, कॅन्सरशी संबंध नसलेलं का असेना, तर सर्जनला आधी सांगा की टॅमॉक्सिफेन चालू आहे. काही वेळा थोडे दिवस आधी थांबवतात, पण ते त्यांनी ठरवायचं.

*

वरच्या ताई, चोळलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका, तुम्ही त्याच रात्री नेलंत.

माझं वेगळं. कॅन्सरनंतर मन फार खचलं, मानसोपचार डॉक्टरांनी पॅरोक्सेटिन दिली. मला कॅन्सर झाला होता हे त्यांना माहीत होतं, टॅमॉक्सिफेन चालू आहे हे मी सांगितलंच नव्हतं, मला वाटलं मनाच्या गोळीचा आणि याचा काय संबंध. संबंध आहे. टॅमॉक्सिफेन लिव्हरमध्ये गेल्यावर तिथलं एक एन्झाइम तिचं एंडॉक्सिफेन करतं आणि खरं काम तेच करतं. पॅरोक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन त्याच एन्झाइमला अडवतात. म्हणजे गोळी रोज पोटात जातेय पण पुरती कामाला येत नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांनी यादी वाचताना पेन थांबवला तो क्षण विसरणार नाही. दोघा डॉक्टरांनी बोलून व्हेन्लाफॅक्सिनवर आणलं, हळूहळू, कारण पॅरोक्सेटिन एकदम तोडता येत नाही. योगायोगाने अंगातून वाफा येणंही कमी झालं, त्यासाठीही ती देतात म्हणे. मनाची औषधं घेऊ नका असं कृपया कोणी समजू नका, मला त्यांनीच उभं केलं. फक्त सांगून घ्या.

*

मी पुरुष आहे, ५२. हो, पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो आणि मीही टॅमॉक्सिफेनच घेतो. दुकानात "मिसेससाठी का?" विचारतात, पहिलं वर्ष मी हो म्हणायचो. आता स्वतःसाठी म्हणून सांगतो. वाफा मलाही येतात, मीटिंगमध्ये घाम फुटतो. शरीरसंबंधांची इच्छा कमी झाली हे डॉक्टरांना सांगायला मला दहा महिने लागले. पुरुषांसाठी लिहिलेली माहिती फार कमी मिळते, कोणी असेल तर बोला प्लीज.

*

३४ वय, टॅमॉक्सिफेन. दोन गोष्टी मुलींना सांगायच्या आहेत. पाळी बंद झाली म्हणजे दिवस जाणारच नाहीत असं नाही, जाऊ शकतात, आणि या गोळीने गर्भाला इजा होऊ शकते. म्हणून संरक्षण हवं, पण हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत, कॉन्डोम किंवा कॉपर टी. दुसरं, मूल हवं असेल तर पहिल्याच भेटीत बोला. २०२३ मध्ये पॉझिटिव्ह नावाच्या अभ्यासाचे निकाल आले, त्यात ४२ किंवा त्याहून कमी वयाच्या बायकांनी १८ ते ३० महिने औषध घेऊन मग मुलासाठी जास्तीत जास्त दोन वर्षं थांबवलं, आणि तीन वर्षांपर्यंत तरी कॅन्सर परत यायचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पुढची वर्षं अजून बघायची आहेत. मी त्याच वाटेवर आहे, सव्वा वर्ष झालंय. मनाने थांबवणार नाही, थांबवल्यावर अंगातून औषध जायला वेळ द्यावा लागतो, तारीख डॉक्टरच देणार.

*

पाळी जाऊन सहा वर्षं झालेली आणि टॅमॉक्सिफेनवर असताना एका सकाळी अंतर्वस्त्रावर नाण्याएवढा तपकिरी डाग. लाल नव्हता म्हणून दुर्लक्ष करणार होते. सुनेने ऐकलं नाही. स्तनात ही गोळी इस्ट्रोजेनला अडवते पण गर्भाशयात तीच इस्ट्रोजेनसारखी वागते, अस्तर जाड होऊ शकतं, क्वचित तिथला कॅन्सरही होतो. सोनोग्राफी, मग दुर्बिणीतून तपासणी, पॉलिप म्हणजे अस्तरावरची छोटी वाढ निघाली, साधी. पाळी गेल्यावरचा कुठलाही डाग, कुठल्याही रंगाचा, लगेच दाखवा.

*

मी आजच हे सगळं वाचलं. माझी उद्यापासून सुरू होतेय, स्ट्रिप समोरच ठेवली आहे. सकाळी घ्यायची की रात्री?

*

(धागा काढणारी) डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर कधीही चालते, फक्त रोज साधारण तीच वेळ. मी आधी रात्री घ्यायचे, वाफांनी झोपमोड व्हायची म्हणून विचारून सकाळवर आणली, काही जणींना उलट रात्रीच बरी पडते. महिनाभर बघा आणि काय काय होतंय ते तारखेनिशी वहीत लिहून ठेवा, पहिल्या भेटीत ती वही उघडा. आणि उद्या गोळी घ्यायच्या आधी स्ट्रिपवर वार लिहा.