मदत हवी आहे: सकाळी जुळलेले ट्रान्समीटरचे ट्यूनिंग दुपारी बिघडते

हिंगणा_रोड:
नमस्कार. सोमवारी ग्राहकासमोर प्रात्यक्षिक आहे आणि आठ दिवसांपासून मी एकाच ठिकाणी अडकलो आहे. ट्रान्समीटरच्या गॅन (गॅलियम नायट्राइड) पॉवर ॲम्प्लिफायरची विकृती घालवण्यासाठी डिजिटल प्रीडिस्टॉर्शन लावले आहे, म्हणजे सिग्नल आधीच बहुपदीने उलटा वाकवून ॲम्प्लिफायरला देतो. बहुपदीची कोटी (सर्वांत मोठा घात), मेमरीची खोली (मागचे किती नमुने धरायचे), सिग्नलची शिखरे कापण्याची पातळी आणि बायस (ॲम्प्लिफायरला दिलेले स्थिर व्होल्टेज) ही चार सेटिंग्ज हाताने न शोधता बायेशियन ऑप्टिमायझेशनकडे सोपवली आहेत; प्रत्येक फेरीत शेजारच्या चॅनलमधली गळती मोजली जाते आणि त्यावरून पुढची सेटिंग्ज निवडली जातात. सकाळी सात वाजता ही गळती मुख्य चॅनलपेक्षा 50 डेसिबल खाली असते. तीच सेटिंग्ज दुपारी तीन वाजता लावली की फरक 41 वर येतो, आणि पुन्हा शोध चालवला तर दर वेळी निराळे उत्तर मिळते. आम्हाला किमान 45 हवे आहे. अल्गोरिदम बदलावा का? कृपया लवकर सांगावे.

जुना_रेडिओवाला:
सिग्नल किती रुंद आहे आणि फीडबॅक रिसीव्हरला (ॲम्प्लिफायरचे आउटपुट परत मोजणाऱ्या रिसीव्हरला) किती रुंद पट्टा दिसतो, हे आपण लिहिलेले नाही. तिसऱ्या कोटीची विकृती सिग्नलच्या तिप्पट रुंदीत पसरते, पाचव्या कोटीची पाचपट. रिसीव्हरला जे दिसतच नाही, ते प्रीडिस्टॉर्शनला सुधारता येत नाही. खोलीत एसी आहे की कूलर, हेही सांगा.

हिंगणा_रोड:
लिहायचे राहिले. सिग्नल 10 मेगाहर्ट्झचा ओएफडीएम (अनेक अरुंद वाहकांवर विभागलेला) आहे. फीडबॅकला एडी9361 ही रेडिओ चिप आहे, सॅम्पलिंग 61.44 मेगासॅम्पल, पट्टा 56 मेगाहर्ट्झ. खोलीत कूलर आहे आणि तो अकरानंतर सुरू होतो. हीटसिंकचे तापमान नोंदवत नाही.

थरावर_थर:
माझ्या अनुभवानुसार बहुपदी सोडून द्यावी. सिग्नलचे वास्तव आणि काल्पनिक भाग, त्यांचे मागील काही नमुने आणि परिमाण एवढे दिले की लहानसे न्यूरल नेटवर्क हे काम उत्तम करते. मी गेली दोन वर्षे दुसरे काही वापरलेले नाही.

जुना_रेडिओवाला:
याच्याशी मी सहमत नाही. कोटी 1, 3, 5 आणि 7, आणि मेमरी चार नमुन्यांची धरली, तर बहुपदीचे सहगुणक सोळाच होतात, आणि ते लघुतम वर्ग पद्धतीने एका झटक्यात निघतात. त्यासाठी नेटवर्क शिकवण्याची गरज नाही. शोधाची गरज फक्त बाहेरच्या त्या चार सेटिंग्जसाठी आहे, आणि ती विभागणी धागाकर्त्यांनी योग्यच केली आहे. 56 मेगाहर्ट्झमध्ये पाचव्या कोटीपर्यंतची विकृती बसते, त्यामुळे माझी पहिली शंका मी मागे घेतो.

थरावर_थर:
सहगुणकांचे म्हणणे मान्य आहे. परंतु गॅनमध्ये इलेक्ट्रॉन अडकून राहतात आणि एखाद्या मोठ्या शिखरानंतर ॲम्प्लिफायर बराच वेळ बदललेला राहतो. चार नमुन्यांच्या मेमरीत तो परिणाम येणार नाही, हे आपणही मान्य कराल.

नियमाने_चला:
मूळ प्रश्नाबाहेरचे आहे, पण महत्त्वाचे आहे. अँटेना जोडण्यापूर्वी दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेची परवानगी घेतली आहे का?

हिंगणा_रोड:
आमचे आउटपुट ॲटेन्युएटरमधून डमी लोडमध्ये (पॉवर हवेत न सोडता जिरवणाऱ्या भारात) जाते, अँटेना जोडलेलीच नाही. कृपया गळतीबद्दल सांगा.

सावलीतले_तापमान:
पॉवर तीन डेसिबल कमी करून पाहा, सगळे सुरळीत होईल. आम्ही उन्हाळ्यात हेच करतो.

हिंगणा_रोड:
ग्राहकाने पॉवरचाच आकडा लिहून दिला आहे, ती निम्मी करता येणार नाही.

मोजून_बोला:
मला वाटते, आपण शोधाला दोष देत आहात, परंतु त्याला मिळणारे गुणच डळमळीत आहेत. दोन गोष्टी तपासाव्यात. एक, एडी9361 मधले स्वयंचलित गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) नियंत्रण चालू आहे का? तापल्यावर ॲम्प्लिफायरचा गेन घटतो, रिसीव्हर आपला गेन वाढवतो, आणि ही पायरी नमुने घेताना मध्येच पडली तर त्या नमुन्यांवरून काढलेले सहगुणक चुकीचे निघतात. दुसरे, आज शोध पूर्ण बंद ठेवावा, सेटिंग्ज गोठवावीत, हीटसिंकला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावावे आणि दर अर्ध्या तासाने फीडबॅक रिसीव्हर व स्पेक्ट्रम ॲनालायझर दोन्हींवर गळती मोजून शेजारी शेजारी लिहावी. कूलरचा झोत हीटसिंकवर पडतो का, तेही पाहावे. ऑप्टिमायझरला मोजमापातला गोंगाट शून्य आहे असे सांगितले असेल, तर तो प्रत्येक योगायोगाच्या मागे धावेल.

हिंगणा_रोड:
आपले मनापासून आभार. गेन नियंत्रण चालू होते. सुरुवातीच्या कोडमधली ती ओळ मी कधी उघडूनच पाहिली नव्हती. दुपारी तीन वाजता फीडबॅक 41 दाखवत होता आणि त्याच क्षणी ॲनालायझर 44. गेन एका ठिकाणी स्थिर केला, सहगुणक पुन्हा काढले आणि दोन्ही आकडे अर्ध्या डेसिबलच्या आत आले. हीटसिंक 39 अंशांवर असताना 50 मिळतात, 68 अंशांवर 46. कूलरचा झोत हीटसिंकच्या एकाच कडेवर पडत होता, तो वळवला आहे. आता एवढेच सांगा, की तापमान शोधात कसे घ्यावे? 45 वर एकच डेसिबल उरतो.

मोजून_बोला:
तापमान पाचवे मूल्य म्हणून मॉडेलला द्या, पण ते निवडण्याचा अधिकार त्याला देऊ नका. ते फक्त मोजलेले असेल आणि मॉडेल त्याच्याशी जुळणारी उरलेली चार सेटिंग्ज शोधेल. गोंगाट किती आहे हे त्याला आजच्या तुमच्या तक्त्यावरून काढून द्या. सोमवारपर्यंत एवढा वेळ नसेल, तर 40, 55 आणि 70 अंशांसाठी बायसचे तीन आकडे शोधून तक्ता करा आणि मधले आकडे सरळ रेषेने भरा. प्रात्यक्षिकाआधी ॲम्प्लिफायर अर्धा तास पूर्ण पॉवरवर तापवून घ्या आणि 70 अंशांवरचा आकडा ॲनालायझरवर स्वतः पाहा.

हिंगणा_रोड:
तक्त्याचेच करतो. आज रात्री 40 अंशांचा शोध चालवतो, 70 अंशांचा उद्या दुपारी.