मदत हवी आहे: निकेलचं रेझिन महिन्यात बसलं

प्लेटर_वाळूज:
निकेल प्लेटिंगचं छोटं जॉबवर्क आहे. निकेल बाथनंतर (बाथ म्हणजे प्लेटिंगचं द्रावण) माल धुतलेल्या पाण्यातलं निकेल परत घ्यायला कॉलममध्ये 50 लिटर कॅटायन रेझिन, म्हणजे पाण्यातले धातू धरणारे बारीक मणी, भरलं. महिनाभर झकास चाललं, काचेतून हिरवा पट्टा खाली सरकताना दिसायचा. आता दुसऱ्याच दिवशी निकेल निसटतंय. परवा धरलेलं निकेल सोडवायला ॲसिड दिल्यापासून तर पाणीच उतरंना. कोणत्या कंपनीचं रेझिन घेऊ? लवकर सांगा, गुरुवारी माल द्यायचाय.

गोदाकाठ:
ॲसिड कोणतं, किती टक्के? पाणी कुठलं?

जुना_मिस्त्री:
रेझिनच्या नादी लागू नका. कॉस्टिक टाकून पीएच 10 ला न्या, निकेल हायड्रॉक्साइड खाली बसतं. गाळा, मोकळे व्हा.

गोदाकाठ:
मिस्त्री, त्यांना निकेल पाहिजे, तुम्ही गाळ देताय. तो घातक कचरा, पैसे मोजून पाठवावा लागतो.

जुना_मिस्त्री:
सल्फ्युरिकमध्ये परत विरघळतो की! पुस्तकातलं आम्हाला शिकवू नका.

एक्सरे_नांदेड:
आम्ही एक्स-रे फिल्म धुवायच्या जुन्या फिक्सर द्रावणात स्टील वूल टाकायचो. लोखंड विरघळतं, चांदी काळा गाळ होऊन बसते. करून बघा.

जुना_मिस्त्री:
इथं चांदी कुठाय?

प्लेटर_वाळूज:
सल्फ्युरिक, 10 टक्के. पाणी बोअरचं. एमआयडीसीचं पंधरा दिवसांपासून कमी येतंय. त्याचा काय संबंध?

गोदाकाठ:
सगळा तिथंच आहे. आधी एमआयडीसीचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी होतं म्हणून चाललं. साधं कॅटायन रेझिन निकेलसारखंच बोअरचं कॅल्शियम, मॅग्नेशियमही धरतं. जागा त्यांनीच अडवली. वर सल्फ्युरिक दिलं की त्या कॅल्शियमचं जिप्सम होतं आणि कॉलम सिमेंटसारखा बसतो. कंपनी बदलून काही होणार नाही. वरचं चमचाभर रेझिन काढून बघा.

बीडकर:
आमच्याकडं बोअरच्या पाण्यात डाळ शिजंना. सॉफ्टनरला मीठ किती टाकायचं?

प्लेटर_वाळूज:
काढलं. मण्यांमध्ये पांढरे खडे, नखानं फुटतात.

गोदाकाठ:
जिप्समच. आधी खालून वर पाणी सोडून थर मोकळा करा, मग पातळ हायड्रोक्लोरिकनं हळूहळू धुवा, वेळ लागेल. ते पाणी बाथमध्ये ओतू नका, कॅल्शियम गेलं की प्लेटिंग खरखरीत येतं. गटारातही नको, निकेल आहे त्यात. पुढं धुवायला आरओचं पाणी वापरा. बोअरच वापरायचं असेल तर इमिनोडायॲसिटेट गटाचं किलेटिंग रेझिन घ्या. ते कॅल्शियम सोडून निकेल आधी धरतं, पण महाग पडतं. आणि बाथनंतर लगेच आरओच्या उभ्या (न वाहत्या) पाण्याची एक टाकी ठेवा, मालाबरोबर आलेलं निकेल तीत उतरेल. बाथ तापवून चालतो, पाणी उडतंच. तेवढी भर त्या टाकीतून घाला. निम्मं काम तिथंच होईल.

प्लेटर_वाळूज:
आरओवाल्याला सांगितलंय, शनिवारी येतो म्हणाला. पण गुरुवारचं काय?

जुना_मिस्त्री:
कॉस्टिक.

गोदाकाठ:
गुरुवारपुरतं, हो. गाळ मात्र टाकू नका, डब्यात ठेवा.