अनुभव धागा: तुमच्या घरात ताजी भाजी कधी येते, कितीला येते?

शेतकऱ्याचा माल थेट ग्राहकाला मिळावा म्हणून २०१६ साली राज्यात संत शिरोमणी सावता माळी आठवडे बाजार सुरू झाले. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीजवळ असाच शेतकऱ्यांचा बाजार रविवारी सकाळी भरतो. कोवळी भेंडी, मातीसकट मुळे, भावही रास्त. पण त्या वेळी आमच्या कामवाल्या ताई आमचीच भांडी घासत असतात. त्यांना मिळतं ते संध्याकाळी स्टेशनबाहेर उरलेलं. हे मला फार लागतं. पैसा, वेळ, फ्रिज, गाडी यांनी तुमच्या भाजीत काय फरक पडतो, जरूर लिहा.

मानखुर्दहून
आमच्या पुढचं स्टेशन वाशी. खाडी ओलांडली की मुंबईला भाजी पुरवणारं घाऊक मार्केट. पण तिथे माल गोणीने आणि क्रेटने. आई रोजंदारीवर, पैसे हातात पडायचे संध्याकाळी, मग वाटा घ्यायचा. दहा रुपयांच्या वाट्यात चार टोमॅटो, त्यातला एक फुटका. किलोचा हिशेब केला तर दुकानापेक्षा महागच. पण पूर्ण किलो घेऊन ठेवायचा कुठे? फ्रिज नव्हता. पावसाळ्यात मेथी सकाळपर्यंत पिवळी पडायची. त्यामुळे आमच्याकडे बटाटा. आजही भाचरांच्या डब्यात बटाटाच जास्त दिसतो.

जुन्नर तालुका
शेतावरच ताजी भाजी खायला मिळते असं शहरात वाटतं. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभराच्या वर गेला, तेव्हा एक नंबर माल क्रेटमध्ये भरून नारायणगावला जात होता. तोडणीला येणाऱ्या बायकांच्या घरी आमटीत चिंच पडत होती. आम्ही त्यांना डागी माल घरी न्यायला द्यायचो, पण त्या भावात डागीसुद्धा विकला जात होता, त्यामुळे तोही कमी झाला.

पुणे
आई भाजी विकते. पहाटे मार्केट यार्डातून माल आणायचा, सकाळी बंगल्यांच्या रस्त्यावर बसायचं. तिथे बायका एकेक वांगं दाबून बघतात, वर कोथिंबीर फुकट मागतात. निवडून उरलेलं संध्याकाळी आमच्या वस्तीत विकायचं. आमच्याकडे कोणी निवडत नाही, कारण निवडायला काही उरलेलंच नसतं. घासाघीस मात्र बंगल्यांकडे जास्त होते, हे मी लहानपणापासून बघतेय.

गोवंडी
आम्ही गल्लीतल्या काही जणी पैसे काढून वाशीहून माल आणतो आणि वाटून घेतो. कांदा-बटाट्याला परवडतं, आठवडाभर टिकतो. टोमॅटोचा वीस किलोचा क्रेट दोन दिवसांत संपवावा लागतो. पालेभाजीचं अजून जमलेलं नाही: रोज आणायची तर टेम्पोचं भाडं अंगावर येतं, आणि पहाटे जायला कामाचा खाडा करावा लागतो. कोणी पालेभाजी अशी आणत असेल तर भाडं कसं वाटून घेता, ते सांगा.