मदत हवी आहे : स्पॅम फिल्टर किती परिणामकारक आहे, हे मोजायचे कसे?

टपालघर :
आमच्या विद्यापीठाच्या मेलवरील स्पॅम फिल्टर किती परिणामकारक आहे ते एका आकड्यात सांगा, असे समितीने मला बजावले आहे आणि अहवाल सोमवारी द्यायचा आहे. फिल्टरच्या पडद्यावर ‘९७ टक्के’ असे दिसते, पण तो आकडा लिहायला माझे मन धजत नाही. गेल्याच महिन्यात एका बाहेरच्या परीक्षकांनी पाठवलेला प्रबंधाचा अहवाल अकरा दिवस क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित मेल अडवून ठेवण्याच्या जागेत, पडून होता आणि संशोधक विद्यार्थिनीने स्वतः फोन केला तेव्हाच ते उघडकीस आले. जिथे पाहावे तिथे फिल्टर कसा बसवावा हेच सांगितले आहे. मोजण्याचे सूत्र कोणाला माहीत असल्यास कृपया लवकर द्यावे.

अर्धविराम :
सूत्राआधी काही गोष्टी कळायला हव्यात. ९७ टक्के कशाचे? काळ्या यादीमुळे (स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरांची यादी) दारातच नाकारलेल्या जोडण्या, म्हणजे मेल घेण्याआधीच तोडलेले संपर्क, त्यात धरल्या आहेत का? पन्नास जणांना आलेला एक मेल तुम्ही एकदा मोजता की पन्नास वेळा? फिल्टर कोणता आहे आणि उंबरठा किती ठेवला आहे, म्हणजे किती गुण झाल्यावर मेल स्पॅम ठरतो?

जुना_सर्व्हर :
मोजण्यात वेळ घालवू नये, असे माझे अनुभवाचे मत आहे. बेजियन वर्गीकरण (मेलमधील शब्दांवरून स्पॅमची शक्यता काढणारी पद्धत) सुरू करा आणि प्रत्येक वापरकर्त्याला आपापला स्पॅम निवडून शिकवू द्या. त्याशिवाय पाठवणारा खरा आहे का हे तपासण्यासाठीच्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी नीट लावून घ्या. आमच्याकडच्या तक्रारी त्यानंतर जवळजवळ थांबल्या.

अर्धविराम :
जुना_सर्व्हर, तुमचा सल्ला चांगला आहे, पण प्रश्न मोजण्याचा आहे. तक्रारी थांबल्या म्हणजे चुका थांबल्या असे होत नाही. इनबॉक्समध्ये आलेला स्पॅम लोकांना दिसतो म्हणून ते तक्रार करतात. न पोचलेल्या मेलची तक्रार कोण करणार?

टपालघर :
हे सगळीकडे सारखेच असते असे वाटल्याने लिहिले नव्हते. फिल्टर स्पॅमअसॅसिन आहे आणि उंबरठा मूळचाच, म्हणजे ५ गुणांचा. ९७ टक्क्यांमध्ये नाकारलेल्या जोडण्या आणि क्वारंटाइनमधले मेल असे दोन्ही मिळून आहेत. परीक्षकांच्या मेलला ५.३ गुण मिळाले होते. त्यात ‘सोबतची फाइल पाहावी’ एवढी एकच ओळ आणि एक झिप फाइल होती.

मोजदाद :
तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या ५.३ मध्येच आहे : हवा असलेला मेलही उंबरठा ओलांडून अडला. ९७ टक्के हा आकडा फिल्टरने किती अडवले ते सांगतो, बरोबर अडवले की नाही ते सांगत नाही. समजा १,००० मेल आले, त्यांतले ९०० स्पॅम आणि १०० हवे असलेले. फिल्टरने ८९१ स्पॅम आणि ३ हवे असलेले मेल अडवले, तर एकूण अचूकता ९८.८ टक्के निघते आणि समितीला ती उत्तम वाटते. मात्र सरसकट सगळे मेल अडवणाऱ्या फिल्टरचीही अचूकता ९० टक्के येईल! म्हणून दोन आकडे वेगळे द्या : स्पॅमपैकी ९९ टक्के अडले, आणि हव्या असलेल्या मेलपैकी ३ टक्के हरवले. यांतला दुसरा आकडा समितीने आधी वाचावा, अशा क्रमाने अहवाल लिहा.

हे आकडे काढण्यासाठी क्वारंटाइनमधून आणि पोचलेल्या मेलमधून यादृच्छिक नमुने घ्या. ३०० मेल तपासून एकही चूक सापडली नाही, तरी ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की चुकीचे प्रमाण सुमारे १ टक्क्यापेक्षा कमी आहे. क्वारंटाइनमध्ये लाखभर मेल असतील, तर त्यांत हजारभर हवे असलेले मेल असण्याची शक्यता त्यानंतरही उरते.

संग्राहक :
एवढा खटाटोप कशाला? ट्रेक (TREC) या माहिती-शोध तंत्रांच्या चाचणी उपक्रमाचा २००५ चा सार्वजनिक मेल-संच घ्या. त्यात ९२,१८९ मेल आहेत आणि प्रत्येकावर स्पॅम आहे की नाही याची खूण आहे. फिल्टर त्यावर चालवला की आकडा तयार.

मोजदाद :
दोन फिल्टरांची तुलना करण्यासाठी तो संच मोलाचा आहे, पण इथे त्याचा उपयोग नाही. त्या काळातले पत्ते आजच्या काळ्या याद्यांवर ताडून पाहता येत नाहीत आणि त्या संचात ना विद्यार्थी आहेत ना परीक्षक.

औषधशास्त्र_विभाग :
मी मेल वापरणारी प्राध्यापक म्हणून लिहिते. माझ्या विषयात औषधांची नावे रोजच्या पत्रव्यवहारात येतात आणि फिल्टर नेमका त्यांनाच घाबरतो. मोजदाद यांना माझे दोन प्रश्न आहेत. आमचे मेल उघडून कोण वाचणार? आणि न मागता आलेले परिषदेचे निमंत्रण मला नकोसे असले, तरी शेजारच्या खोलीतील सहकाऱ्याला हवे असेल, तर ते स्पॅम ठरवायचे कोणी?

मोजदाद :
ज्यांचा मेल त्यांनीच ठरवायचे, मॅडम. नमुन्यातील मेलचा पाठवणारा, विषय आणि तारीख तेवढी त्या व्यक्तीला दाखवून ‘हवा होता’, ‘नको होता’ किंवा ‘सांगता येत नाही’ असे विचारावे. तिसरे उत्तर आणि न आलेली उत्तरे वेगळी मोजावीत. कर्मचाऱ्यांनी मजकूर उघडू नये.

अर्धविराम :
दारात नाकारलेल्यांचा मजकूर हाती नसतो, म्हणून त्या जोडण्या टक्केवारीतून बाहेर काढा. मात्र त्यांचे पाठवणारे पत्ते लॉगमध्ये असतील, तर विद्यापीठातून ज्यांना पूर्वी मेल गेले आहेत त्या पत्त्यांशी ते ताडून पाहा. काही पत्ते बनावट निघतील, पण खरा परीक्षक अडला असल्यास तोही तिथेच सापडेल.

टपालघर :
हे आज रात्रीच करतो. नमुन्यात ५ ते ६ गुणांचे मेल मुद्दाम जास्त घेतले तर चालेल का? चुका तिथेच असाव्यात असे वाटते.

मोजदाद :
अवश्य घ्या, पण सरळ बेरीज करू नका. प्रत्येक गुणगटातील चुकांचे प्रमाण त्या गटातील एकूण मेलच्या संख्येने गुणा आणि मगच बेरीज करा, नाहीतर आकडा फुगेल. आणि ज्यांना उशिरा मेल मिळाला त्या विद्यार्थिनीची घटना अहवालाच्या पहिल्या पानावर, नाव न देता, तारखांसह लिहा.