अल्बर्टा म्हणजे फक्त बँफ नव्हे

चिनूक
काल इथे एका सदस्यांनी कॅनडा सहलीचा आराखडा टाकला. त्यात अल्बर्टा प्रांताबद्दल (पश्चिमेला रॉकीज पर्वतातलं बँफ, पूर्वेला मैदान) एवढंच: "कॅलगरीला उतरा, तीन दिवसांत बँफ आणि लेक लुईस उरका, व्हँकुव्हरला निघा. पूर्वेकडे नुसतं सपाट रान आहे, वेळ घालवू नका." खाली 'वाचनखूण साठवली' म्हणणाऱ्यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मी कॅलगरीत राहतो. उन्हाळ्यात भारतातून येणारे बहुतेक जण हाच आराखडा घेऊन येतात आणि वैतागून परततात. जुलैतल्या शनिवारी लेक लुईसचा वाहनतळ पहाटेच भरतो. मोरेन लेकला २०२३ पासून खाजगी गाड्या सोडतच नाहीत. शटलचं आरक्षण एप्रिलमध्ये उघडतं, उरलेल्या जागा दोन दिवस आधी सकाळी आठला सुटतात, आणि त्या वेळी फोन हातात धरून बसावं लागतं. बँफमधले हॉटेलचे दर बघून लोक शेजारच्या कॅनमोर गावाला पळतात, तिथेही तीच कथा. तीन दिवसांतला मोठा भाग रांगेत जातो.

आता ते 'सपाट रान'. प्रांतात युनेस्कोच्या यादीतली सहा ठिकाणं आहेत, त्यातली तीन याच दक्षिणेकडच्या गवताळ पट्ट्यात. ड्रमहेलर कॅलगरीहून दीड तासावर. शेतांमधून सरळ रस्ता जातो आणि एकाएकी जमीन खचते, तांबूस-करड्या पट्ट्यांच्या दऱ्या आणि मातीचे खांब समोर येतात. तिथल्या रॉयल टिरेल संग्रहालयात एक चिलखती डायनोसॉर आहे. २०११ मध्ये फोर्ट मॅकमरीकडच्या तेलवाळूच्या खाणीत यंत्र चालवणाऱ्या कामगाराला तो सापडला. ११ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि अंगावरचे खवले जागच्या जागी. सांगाडा बघतोय असं वाटत नाही, जनावर बसलंय असं वाटतं. फोर्ट मॅक्लाउडजवळ हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप आहे. ब्लॅकफूट या इथल्या मूळ रहिवाशांचे पूर्वज हजारो वर्षं बायसनचे (गव्यासारख्या रानटी जनावरांचे) कळप हाकत आणून त्या कड्यावरून पाडत. कड्याखाली हाडांचा थर सुमारे दहा मीटर जाड आहे.

हे सगळं 'झोप काढायचा रस्ता' म्हणून लोकांना सांगणं चुकीचं आहे. आठ दिवस असतील तर निम्मे मैदानाला द्या.

सह्यकडा
तो आराखडा माझाच. 'झोप काढायचा' हे शब्द मी लिहिलेले नाहीत, तेवढे काढा.

तुम्ही तिथे राहता, तुम्हाला शनिवार-रविवार दरवर्षी मिळतात. पुण्याहून जाणाऱ्याचा हिशेब वेगळा. व्हिसाची कागदपत्रं, बोटांचे ठसे, महिनोन्‌महिने वाट बघणं, चौघांचं विमानभाडं, वर्षभर साठवलेली रजा. आयुष्यात एकदा जाणार असेन तर मी मातीचे खांब का बघू? लेक लुईस ते जॅस्पर गाव हा २३० किलोमीटरचा डोंगरातला रस्ता, आइसफील्ड्स पार्कवे, जगात दुसरीकडे कुठे आहे? आणि त्याच वाटेवरची अथाबास्का हिमनदी सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरहून जास्त मागे सरकली आहे. कुठल्या साली बर्फाची कड कुठे होती याच्या पाट्या वाटेत लावल्या आहेत. डायनोसॉर ११ कोटी वर्षं थांबलाय, आणखी वीस थांबेल. हिमनदी थांबणार नाही.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला डोंगर हवेत. यात कसला अपराध?

केळफूल
तुम्ही दोघंही धडधाकट पायांच्या माणसांसाठी भांडताय. आमच्याकडे एडमंटनला सासू-सासरे आले होते. सासूबाईंचे गुडघे गेलेले. जॅस्परच्या वाटेवर नवऱ्याने हौसेने प्रत्येक थांब्यावर गाडी उभी केली आणि त्या प्रत्येक वेळी "तुम्ही जाऊन या, मी बसते" म्हणाल्या. पेटो लेकचा चढ तर लांबच राहिला. फोटोत आम्ही सगळे आहोत, त्या नाहीत.

आणि मला बोलायचंय ते वेगळंच आहे. आपल्याकडे आईवडिलांना सहा महिने बोलावतात ते कशाला, हे सगळ्यांना माहीत आहे. नातवंडं सांभाळायची, डबे करायचे, थंडीत चार भिंतींत बसायचं. गाडी चालवता येत नाही, बस घरापासून लांब. मग परतीच्या आधी दोन दिवस 'बँफ दाखवलं' की झालं. त्यांना काय बघायचंय हे कोणी विचारतं का?

सह्यकडा
केळफूल ताई, मी अजून कोणाला बोलावलेलंही नाही आणि कोणाला घरात बसवलेलंही नाही. मी माझ्या पैशाने आईबाबांना फिरायला नेतोय. दुसऱ्यांच्या घरचा राग माझ्या आराखड्यावर काढू नका. बँफमध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी काहीच नाही, हेही खरं नाही. सल्फर माउंटनवर गोंडोला थेट वर नेतो, मिनेवांका तलावात बोट आहे, गरम पाण्याचं कुंड आहे.

नांगरधारी
मी एरवी नुसता वाचतो, आज लिहितो. माझे वडील यवतमाळकडचे, कापूस आणि तूर. भाऊ दक्षिण अल्बर्टात लेथब्रिजला असतो. त्याने वडिलांना आधी बँफ दाखवलं. "छान आहे" म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत. मग जुलैत परतताना भावाने गाडी शेतांमधून काढली. कॅनोला (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) फुललेला, नजर पोचेल तिथवर पिवळं. वडिलांनी गाडी थांबवायला लावली. बांधाशी वाकून माती हातात घेतली, शेंग सोलून बघितली. मग एकामागून एक प्रश्न. तुकडा केवढा? एक मैल बाय एक मैल, ६४० एकर, सगळा प्रांत असाच चौकटीत मोजलेला. राबायला माणसं किती? पाणी कुठून?

भावाला हे काहीच सांगता येईना. पुढे एका शेतावर त्यांनी मालकाला हाक मारली. मालकाने गोल फिरणारं सिंचनाचं यंत्र चालू करून दाखवलं. ओल्डमन नदीचं पाणी, रॉकीजमधल्या बर्फाचं. वडील घरी येऊन दोन दिवस तेवढंच सांगत होते. कॅनडातली बहुतेक बागायत दक्षिण अल्बर्टात आहे हे आम्हाला त्यांच्यामुळे कळलं. गावी परतल्यावर पारावर त्यांनी बँफचं नावही काढलं नाही.

म्हणून चिनूक यांच्याशी सहमत, पण डायनोसॉरसाठी नाही.

वर्धाकाठ
अवांतर: डायनोसॉरसाठी कॅनडाला जाणाऱ्यांपैकी किती जणांनी चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा बघितलंय? वरोऱ्याजवळ. डायनोसॉरची हाडं आणि त्यांच्या विष्ठेचे दगड शेतात सापडतात. तिकडे १९८५ साली संग्रहालय उभं राहिलं, आपल्याकडे शेतकऱ्याच्या नांगराला लागलेलं हाड कोण उचलून नेतं याची दाद ना फिर्याद. मला याची चीड येते.

चिनूक
वर्धाकाठ, पिसदुऱ्यावर स्वतंत्र धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

नांगरधारी, तुमच्या वडिलांना जे दिसलं तेच मला सांगायचं होतं. पण त्या चौकटींची दुसरी बाजूही आहे. बायसन संपत आले, १८७७ मध्ये सरकारचा ब्लॅकफूट आणि शेजारच्या लोकांशी जमिनीबद्दलचा 'सातवा करार' झाला, आणि पुढे हीच जमीन १६० एकरांच्या तुकड्यांत दहा डॉलर नोंदणी घेऊन बाहेरून आलेल्यांना दिली गेली. बफेलो जंपला हे ब्लॅकफूट माणसाच्या तोंडून ऐका आणि मग ती पिवळी शेतं बघा.

सह्यकडा, हिमनदीचा मुद्दा मान्य. तो नाकारता येत नाही. पण तिचं पाणी जातं कुठे? बो नदी बो हिमनदीतून निघते, बँफमधून वाहते, कॅलगरीतून जाते आणि ब्रुक्सच्या कोरड्या मुलखाला पाणी पाजते. तुम्ही उगम बघून परत फिरताय.

सह्यकडा
नदी माझ्यासोबत व्हँकुव्हरला येत नाही म्हणून मी अडाणी ठरतो का? धागा काढला सहलीवर, आता इथे सिंचन, करार आणि सासू-सुना सगळं आलं. ज्याला फक्त चार दिवस आहेत त्याने काय करायचं, हे एकानेही लिहिलेलं नाही.

केळफूल
सासू-सुना मी लिहिलेलं नाही. सासूबाई गाडीत बसून राहिल्या आणि आमच्यापैकी कोणाला त्याचं काही वाटलं नाही, हे लिहिलं. तुम्हाला ते भांडण वाटलं, वाटो. चार दिवसांचं सांगते: दोन डोंगर, एक ड्रमहेलर, एक रिकामा. रिकामा ठेवाच. २०२४ च्या जुलैत जॅस्पर पेटलं, गावातल्या एक तृतीयांश इमारती गेल्या, लोकांना रातोरात बाहेर काढलं. ऑगस्टमध्ये धूर असा असतो की समोरचा डोंगर दिसत नाही. मिनिटामिनिटाचं वेळापत्रक तिथे मोडतं.

आणि आईबाबांना विचारलंत का, हा प्रश्न तसाच राहिला.

सह्यकडा
काल रात्री विचारलं. आई म्हणाली, कुठेही चालेल, फार चालवू नकोस. बाबा रेल्वेत होते, कर्जत-लोणावळा घाटात गाडीला मागून इंजिन लावायचं काम त्यांनी पाहिलंय. त्यांना लेक लुईस नकोय. त्यांनी कुठेतरी वाचलंय की तिकडे गाडी डोंगराच्या पोटात गोल फिरते आणि स्वतःच्याच डब्यांवरून पुढे जाते. ते बघायचंय. हे माझ्या आराखड्यात नव्हतं. मिळालं तुमच्या मनासारखं उत्तर?

ड्रमहेलरला एक दिवस टाकतो. लेथब्रिज नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात निघतोय, बदल होणार नाही.

चिनूक
मे अखेर? मग मोरेन लेक काढूनच टाका. तो रस्ता साधारण जूनच्या सुरुवातीला उघडतो. लेक लुईसवरही तेव्हा बर्फ असू शकतो, फोटोतला निळा रंग दिसेलच असं नाही. तो दिवस बफेलो जंपला द्या. कॅनोला मात्र मिळणार नाही, तो जुलैत फुलतो.

बाबांचे ते स्पायरल बोगदे, १९०९ चे. ते अल्बर्टात नाहीत, हद्दीपलीकडे ब्रिटिश कोलंबियात, योहो राष्ट्रीय उद्यानात आहेत, लेक लुईसहून गाडीने अर्धा तासही लागत नाही. महामार्गालगतच थांबा आहे, आईंना चढायला लागणार नाही. मालगाड्यांची वेळ ठरलेली नसते, म्हणून अख्खी सकाळ राखून ठेवा. छोटी गाडी आली तर निघू नका, लांब गाडी येईपर्यंत थांबा. डब्याच्या वर डबा तेव्हाच दिसतो.